टेक्ससमध्ये सगळ्यात जास्त हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले) लोक कुठल्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) राहतात?

संख्या बघायची तर ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत, आणि प्रमाण बघायचं तर मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत. २०२० च्या जनगणनेत हॅरिसमध्ये सुमारे २० लाख हिस्पॅनिक नोंदले गेले, म्हणजे तिथले ४३ टक्के. स्टारची वस्ती जेमतेम ६६ हजार, पण त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त हिस्पॅनिक. रिओ ग्रान्दे नदीकाठच्या वेब, मॅव्हरिक, हिडाल्गो काउंट्यांतही दहातले नऊ जण तेच. यातली कित्येक घराणी १८४८ मध्ये नदी ही सीमा ठरली त्याआधीपासूनची आहेत, त्यामुळे सगळ्यांना सरसकट स्थलांतरित समजू नका. फक्त एक: जनगणना ब्यूरोच्याच पडताळणीत देशभर हिस्पॅनिकांची मोजणी सुमारे ५ टक्के कमी भरल्याचं आढळलं, तेव्हा हे आकडे किमान धरा.