प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर यांत नेमका फरक काय?

तुमची शंका अशी आहे की पगारातला कर कंपनी कापून भरते, जीएसटी दुकानदार भरतो. मग एक प्रत्यक्ष आणि दुसरा अप्रत्यक्ष कसा?

माझं नाशिकला पंचवटीत किराणा दुकान आहे, त्यामुळे दोन्ही करांशी रोजचा संबंध. पैसे कोण भरतं हे बघू नका. ओझं शेवटी कुणावर पडतं आणि ते दुसऱ्यावर ढकलता येतं का, ते बघा. पुस्तकात, कर भरण्याची कायदेशीर जबाबदारी ज्याच्यावर येते त्याच्यावर कराघात आणि ओझं शेवटी ज्याच्यावर पडतं त्याच्यावर करभार, असं म्हणतात.

अंगाचा साबण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. समजा, होलसेलवाल्याकडून ८० रुपयांचा माल मी ४ रुपये कर देऊन आणला आणि १०० रुपयांवर ५ रुपये कर लावून विकला. आधी दिलेले ४ वजा करून मी सरकारला १ रुपया भरतो. माझ्या पदरचं काही गेलं नाही. पाचही रुपये गिऱ्हाइकाचे, म्हणून जीएसटी अप्रत्यक्ष. छापील किमतीतच कर धरलेला असल्याने त्याला ते कळतही नाही.

दुकानाच्या नफ्यावरचा प्राप्तिकर मात्र माझा मलाच भरावा लागतो, तो कुणाच्या बिलात लावता येत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या नोकरदाराचंही तेच. टीडीएस, म्हणजे पगार हातात येण्याआधीच वजा होणारा प्राप्तिकर, कंपनी कापते, पण पैसे त्याच्या पगाराचे, जमा त्याच्या पॅनवर आणि जास्त कापले गेले तर रिटर्न भरल्यावर परतही त्यालाच. म्हणून तो प्रत्यक्ष.

घरपट्टी प्रत्यक्ष करांत मोडते, तरी घरमालक भाडं वाढवून ती भाडेकरूवर टाकू शकतो. व्यवहारात रेघ इतकी सरळ नसते.

'शेतकरी कुठे टॅक्स भरतो?' हे वाक्य दुकानात ऐकलं की मला राहवत नाही. माझा मावसभाऊ दिंडोरीला द्राक्षबागाईतदार आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे खरं. पण बागेवर मारायच्या रासायनिक औषधांवर १८ टक्के जीएसटी आहे. मी माझे ४ रुपये वजा करून घेतो, तशी सोय त्याला नाही, कारण ताज्या द्राक्षांवर जीएसटीच नाही. वजा करणार कशातून? औषधावरचा सगळा कर त्याच्या अंगावर पडतो. शिवाय जीएसटी कमाई विचारत नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशी आणि बंगलेवाले साहेब, दोघांनाही साबणावर पाचच टक्के. प्राप्तिकर निदान उत्पन्न बघून लागतो.

पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत. त्यांवरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट (राज्याचा विक्रीवरचा कर), तसंच आयातीवरचं सीमाशुल्क, हे सगळे अप्रत्यक्षच धरा.