उंबराच्या सालीत नेमकं काय असतं? शुगरवर खरंच चालते का?

सालीत मुख्य म्हणजे टॅनिन, त्यामुळेच ती चावली की तोंड तुरट होतं, शिवाय ल्युपिऑल, बीटा-सिटोस्टेरॉल वगैरे वनस्पतींत सापडणारी द्रव्यं, आणि पानांत रेसिमोसिक ॲसिड सापडलंय जे लॅबमध्ये सूज कमी करणारं दिसलं. टॅनिनमुळे वरची कातडी आकसते, स्राव कमी होतो, म्हणून तोंड आलं की सालीच्या काढ्याच्या गुळण्या करतात किंवा जखम धुतात, हे मला तरी पटतं. आयुर्वेदातल्या पंचवल्कलात, म्हणजे पाच झाडांच्या सालींच्या मिश्रणात, वड, पिंपळ यांच्यासोबत उंबराची साल असतेच. चीक गालगुंडावर लावायची पद्धत गावाकडे अजून आहे, पण तो डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो, सांभाळून.

आता शुगरचं. सालीच्या अर्काने उंदरांची साखर उतरली असे प्रयोग झालेत हे खरं, पण उंदीर म्हणजे आपण नाही आणि व्हॉट्सॲपवाले हे सांगत नाहीत, त्यामुळे मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बंद करून काढा पिणं म्हणजे निव्वळ वेडेपणा, आणि गोळी चालू ठेवून वर काढा घ्यायचा असेल तरी डॉक्टरला विचारा कारण साखर जास्तच खाली जाऊ शकते. पिकलेली उंबरं खायची असतील तर फोडून बघा, आत किडे असतातच.