‘लकडी पूल’ की ‘लाकडी पूल’?

एका पुणेकर पालकांनी विचारले आहे की, मुलीने निबंधात ‘लकडी पुलावरून’ असे लिहिले असता शिक्षकांनी ते खोडून ‘लाकडी पुलावरून’ असे केले. यांपैकी शुद्ध काय?

मुलीने लिहिले तेच योग्य आहे. ‘लाकडी’ हे विशेषण आहे, तर ‘लकडी पूल’ हे डेक्कन जिमखाना आणि टिळक चौक यांना जोडणाऱ्या, मुठेवरील एका विशिष्ट पुलाचे नाव आहे. त्याचे अधिकृत नाव संभाजी पूल असले तरी बोलण्यात जुनेच नाव टिकले आहे. आज तो लाकडी नसल्यामुळे शिक्षकांच्या दुरुस्तीने व्याकरण सुधारत नाहीच, उलट विधान मात्र चुकीचे होते.

तरीही शिक्षकांना ‘लकडी’ खटकले, यामागे भाषेची खरी जाण आहे. संस्कृतातील ‘लकुट’ म्हणजे सोटा. प्राकृतात या शब्दातील ‘क’चे द्वित्व झाले, आणि मराठीने ते द्वित्व सोडताना आधीचा स्वर दीर्घ केला, म्हणून आपल्याकडे ‘लाकूड’ आले. हिंदीत मात्र ऱ्हस्व स्वराचे ‘लकडी’ रूढ झाले. ‘मर्कट’पासून मराठीत ‘माकड’ आणि हिंदीत कोळी या अर्थाचे ‘मकडी’ झाले, तोही हाच प्रकार. ‘लकडीशिवाय मकडी वळत नाही’ या आपल्या म्हणीत ही दोन्ही ऱ्हस्व रूपे एकत्र भेटतात. तेथे ‘लकडी’ म्हणजे छडी आणि ‘मकडी’ म्हणजे माकडच. म्हणजे ‘लकडी’ हा शब्द मराठीला परका राहिलेला नाही. आणखी एक बारकावा असा की ‘दगडी’, ‘लोखंडी’ यांप्रमाणे ‘लाकडी’तील ‘ई’ हा विशेषण घडवणारा प्रत्यय आहे, पण ‘लकडी’ हे मुळात नाम आहे. हैदराबादेतील एका भागाचे नाव ‘लकडी का पूल’ असे आहे. त्यातील ‘का’मुळे हे नामत्व उघड दिसते.

पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी हा पूल बांधवला, असे परंपरेने सांगितले जाते. त्या काळच्या मराठीत फारसी आणि हिंदुस्तानी शब्द मुबलक होते. स्वतः ‘पूल’ हा शब्दही फारसीच आहे. मराठीत, विशेषतः कोकणात, ओढ्यावरील छोट्या पुलासाठी संस्कृत ‘संक्रम’पासून आलेला ‘साकव’ हा सुंदर शब्द आहे, आणि पेशव्यांचे घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे असल्याने तो त्यांच्या कानावरून नक्कीच गेला असणार. पण साकव ओढ्यावर शोभतो, मुठेसारख्या नदीवर पूलच हवा.

वस्तू बदलली तरी नाव राहते, याचे दुसरे उदाहरण पुण्यात जवळच आहे. १९२३ मध्ये खुला झालेला, तेव्हाचा लॉईड पूल आणि आताचा शिवाजी पूल, शंभरी उलटूनही ‘नवा पूल’ म्हणूनच ओळखला जातो.

मुलीने ‘पुलावरून’मध्ये ‘पु’ ऱ्हस्व लिहिला, याबद्दल तिचे वेगळे कौतुक करावे. ‘फूल–फुलाचा’, ‘दूध–दुधाचे’ यांप्रमाणेच ‘पूल–पुलाचा’ असे सामान्यरूप होते, आणि ‘पूलावर’ ही चूक पाट्यांवरही सर्रास आढळते. शिक्षकांना दाखवायचे असेल तर हे एक वाक्य पुरेसे आहे: ‘पेशवाईत येथे लाकडी पूल होता, म्हणून आजच्या पुलालाही लकडी पूल म्हणतात.’