‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनपटाची एक डिस्कची डीव्हीडी घरी असताना ब्लू-रे (अधिक स्पष्ट चित्राची डिस्क) घ्यावी का?

निर्मितीप्रक्रियेत रस असेल तर अवश्य घ्यावी. 2008 च्या अखेरीस आलेल्या या ब्लू-रेवरील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘गॉथम अनकव्हर्ड’ ही लघुपटमालिका. शिकागोच्या लासाल रस्त्यावर अठरा चाकी ट्रक उलटवण्याचे दृश्य संगणकावर न रचता, स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख ख्रिस कॉरबोल्ड यांच्या चमूने ट्रकमध्ये बसवलेल्या दट्ट्याच्या जोरावर प्रत्यक्षात कसे साधले, हे तिच्यात पाहायला मिळते आणि त्यानंतर मूळ प्रसंग पाहताना त्यामागच्या नियोजनाची खरी जाणीव होते. संगीतकार हान्स झिमर यांनी खलनायक जोकरसाठी घडवलेल्या अस्वस्थ करणाऱ्या ध्वनीवरचा भागही मी आवर्जून सुचवेन.

‘गॉथम टुनाइट’ हे काल्पनिक वृत्तवाहिनीचे सहा भाग मात्र एकदा पाहण्यापुरतेच आहेत. चित्रपट चालू असताना ऐकता येईल असे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांचे समालोचन या ब्लू-रेवर नाही, ही उणीव मला खरोखर जाणवते.

आणखी एक महत्त्वाचा फरक असा, की आयमॅक्स या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याने चित्रित केलेली दृश्ये ब्लू-रेवर मूळ चित्रपटातच पूर्ण पडदा व्यापतात, तर डीव्हीडीवर संपूर्ण चित्रपट वरखाली काळ्या पट्ट्यांसह दिसतो.