वाचकांचे प्रश्न : होडीचे वेढे आणि नाळेची वळणे

प्रश्न : मालवणहून होडीने सिंधुदुर्गाला फेरी मारली आणि वाट मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवली. वाटेत होडीने एक गिरकी घेतली. कॉलेजातल्या मुलीने हिशेब केला, तर वाइंडिंग नंबर १ आला, पण रोटेशन इंडेक्स एकदा २ आणि एकदा ३. मुळात दोन्ही एकच ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : एकच नाहीत. किल्ल्याच्या मध्यावर उभं राहून होडीकडे बोट रोखून धरा. होडी जेटीला परत लागेपर्यंत बोट जितक्या फेऱ्या फिरलं, तो त्या बिंदूभोवतीचा वाइंडिंग नंबर, म्हणजे वेढा. आता किल्ला विसरा, फक्त होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बघा. ती एकूण जितक्या फेऱ्या वळली, तो रोटेशन इंडेक्स. डावीकडे फिरणं अधिक, उजवीकडे उणे.

किल्ला डाव्या हाताला ठेवून फेरी झाली असेल, तर वेढा १. गिरकीच्या पोटात किल्ला नाही, म्हणून तो १च राहतो. नाळ मात्र डाव्या गिरकीने १ + १ = २ फेऱ्या वळते; गिरकी उजवीकडून असती तर १ − १ = ०.

मग ३ कुठून आले? बहुधा जेटीवरून. होडी उभी असली तरी जीपीएसचे बिंदू काही मीटर इकडेतिकडे उडत राहतात. ते किल्ल्यापासून लांब असल्याने वेढ्याला धक्का लागत नाही. दिशा मात्र दर बिंदूला भलतीकडेच वळते. म्हणून आधीच्या ठेवलेल्या बिंदूपासून १० मीटरच्या आतले बिंदू गाळा. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडा आणि त्या दोन्ही टोकांवरचं वळणही धरा. प्रत्येक वळण −१८०° ते १८०° या दरम्यान आणा : होकायंत्राचं ३५०° वरून १०° होणं म्हणजे −३४० नव्हे, +२०, आणि ते उजवीकडचं, म्हणजे आपल्या हिशेबात उणे. बेरजेला ३६० ने भागा.

दोन नोंदींमधला वेळही बघा. २० मीटर त्रिज्येची गिरकी ६ नॉटला (ताशी सुमारे ११ किमी) सुमारे ४० सेकंदांत संपते. दर ३० सेकंदांनी नोंद असेल तर ती गायबच होईल. ५ सेकंद ठीक. होडी मागे घेतली असेल तर त्या जागी वाट उलटी फिरते आणि वळण +१८० की −१८० हे ठरतच नाही. तो तुकडा बाजूला काढावा.

अक्षांश ‘क्ष’ आणि रेखांश ‘य’ म्हणून भरले तर नकाशा आरशातला होतो आणि दोन्ही उत्तरांची चिन्हं उलटतात. रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा थोडा आखूड असतो, त्याची मात्र काळजी नको. नकाशा एका दिशेने ताणल्याने दोन्ही संख्या बदलत नाहीत.

वेढ्याला कोन मोजायचीही गरज नाही. किल्ल्यापासून पूर्वेला, म्हणजे मालवणच्या बाजूला, सरळ रेघ ओढा. वाट ती ओलांडून उत्तरेला गेली की +१, दक्षिणेला गेली की −१. बंदरात चार वेळा ये-जा झाली तरी ती आपसांत कटते.

प्रश्न : कागदावरच्या वेटोळ्याचा रोटेशन इंडेक्स झटपट कसा काढावा? आणि इंग्रजी आठाचं वर्तुळ का होत नाही?
— एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : वक्रावर बाण काढा. प्रत्येक छेदबिंदू तोडून टोकं बाणांच्या दिशेनेच, पण एकमेकांना न छेदता जोडा. सुटी कडी उरतात. डावी फिरणारी वजा उजवी फिरणारी, हे उत्तर. आठात एक डावं, एक उजवं : ०. वर्तुळाच्या आत एक फास असेल तर दोन्ही एकाच दिशेची : २ किंवा −२. पडताळाही सोपा : छेदबिंदू विषम असतील तर उत्तर सम, आणि सम असतील तर विषम. वरच्या होडीच्या वाटेत छेद एकच, म्हणजे तिथे ३ येणं शक्यच नव्हतं.

अमेरिकी गणितज्ञ हास्लर व्हिटनी यांनी १९३७ साली सिद्ध केलं की, कुठेही टोक (अणकुचीदार कोपरा) न येऊ देता एक गुळगुळीत बंद वक्र दुसऱ्यात बदलता येतो तो दोघांचा रोटेशन इंडेक्स सारखा असेल तेव्हाच. आठाचा ०, वर्तुळाचा १ किंवा −१. दोरा ओढून आठातला एक फास लहान करत नेला, तर तो नाहीसा होतो त्या क्षणी तिथे टोक येतं आणि स्पर्शिकेला दिशाच उरत नाही; तेवढ्यात एक पूर्ण फेरी हिशेबातून निसटते.