फिलरमधलं आर्सेनिक आलं कुठून?

सातपूरहून एक वाचक: आमच्या कॅल्शियम कार्बोनेट फिलरमध्ये (मालात भर म्हणून घालायची पावडर) एका लॅबने आर्सेनिक ३ पीपीएम (दहा लाखांत ३ भाग) दाखवलं, दुसरीने १ पीपीएमच्या खाली. दोन्हीकडे आयसीपी-एमएसच (नमुना प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत, नेऊन मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र). खरं कोणाचं?

आधी विचारा, पावडर कशात विरघळवली? हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये असेल, तर माझा संशय पहिल्या लॅबवर. या यंत्राला आर्सेनिक ओळखू येतं ते ७५ या वस्तुमानावरून, आणि त्याचा दुसरा स्थिर समस्थानिक नाही, म्हणजे पळवाटच नाही. प्लाझ्मा असतो आर्गॉनचा, ४०. ॲसिडमधला क्लोरीन ३५. दोघं चिकटले की ७५! तुमच्या मालात तर कॅल्शियमही ४०चंच, म्हणजे दुहेरी घोळ. ०.१ ग्रॅम पावडर १०० मिलीत गेली की ३ पीपीएमचे ३ पीपीबी (अब्जात ३ भाग) उरतात. तिथे एवढी भेसळही भारी पडते.

नायट्रिक ॲसिड वापरून, हीलियमच्या कोलिजन मोडमध्ये (यात हीलियम वायूवर आदळून असे चिकटलेले जोड गाळले जातात) पुन्हा करून घ्या. सोबत ब्लँकचा, म्हणजे पावडर न घालता नुसत्या ॲसिडचा, आकडा मागा. तो द्यायला खळखळ केली, तर लॅब बदला.

अंबडहून: पीव्हीसी स्लीव्ह एक्सआरएफ गनवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) पास आहे. तरी युरोपचा कस्टमर फ्थॅलेटसाठी (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, म्हणजे प्लास्टिसायझर) जीसी-एमएस (सेंद्रिय रेणू वेगळे करून ओळखणारी चाचणी) का मागतो?

गनला शिसं, कॅडमियम, ब्रोमिन दिसतं. फ्थॅलेट म्हणजे नुसता कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन; ते तिला दिसायचं नाही. ‘रोहस’मध्ये (विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी या चार फ्थॅलेटना प्रत्येकी ०.१ टक्का मर्यादा आहे, आणि तीही प्रत्येक एकसंध भागाला वेगळी. वायरचं वरचं आवरण आणि आतलं इन्सुलेशन एकत्र कापून पाठवू नका. नमुना पीव्हीसीच्या हातमोज्यांनी तर मुळीच हाताळू नका. त्या हातमोज्यांतच प्लास्टिसायझर असतं. हे मी उगाच सांगत नाही, असे नमुने पाहिलेत.

सिन्नरहून: स्टील बारच्या प्रत्येक हीटचं (भट्टीतून एका वेळी निघालेला माल) आयसीपी-एमएस करावं का?

नको. कार्बन, मँगनीज, क्रोमियमला स्पार्क (ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) पुरतो, तेही काही मिनिटांत. कार्बन तर आयसीपी-एमएसचं कामच नाही. ड्रॉइंगवर शिसं किंवा बिस्मथची पीपीएममधली मर्यादा लिहिली असेल, तेव्हाच तो खर्च करा.