७२ व्होल्टच्या हब मोटरसाठी १० किलोवॅटचा कंट्रोलर घरी बनवता येतो का? जास्त अँपिअरचे मोसफेट बसवले की झालं ना?

बनवता येतो. माझ्या विजेच्या सायकलवर मी स्वतः बांधलेला कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज मोजून सोडणारं सर्किट) आहे आणि रोज मी त्याच्या भरवशावर बाहेर पडतो. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तयार कंट्रोलर उघडायचा, आतले मोसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, काढून डेटाशीटवर मोठा आकडा असलेले बसवायचे, शंटवर (करंट मोजणाऱ्या पट्टीवर) सोल्डरचा थर चढवून कंट्रोलरला करंट कमी भासवायचा, ही युक्ती थोड्याशा वाढीपुरती चालते. तिपटी-चौपटीला चालत नाही. मोसफेट किती अँपिअर झेलेल हे त्याच्या डेटाशीटपेक्षा त्याच्याभोवतीच्या तांब्यावर जास्त ठरतं. मला हे बरेच मोसफेट गमावून कळलं, म्हणून तेच आधी सांगतो.

माझ्या पहिल्या बोर्डावर आयआरएफबी ४११० होते. १०० व्होल्टचे, साधारण ३.७ मिलिओहम रोधाचे, पॅकेजची मर्यादा १२० अँपिअर. तीन फेज (मोटरकडे जाणाऱ्या तीन तारा), प्रत्येक फेजला वरचा आणि खालचा असे दोन स्विच, प्रत्येक स्विचला तीन मोसफेट समांतर, असे एकूण १८. कागदावर एका स्विचची ताकद ३६० अँपिअर भरत होती. बॅटरी २० सेल सिरीजची, म्हणजे बोलायला ७२ व्होल्ट आणि पूर्ण चार्जला ८४. चाक हवेत ठेवून सगळं सुरळीत फिरलं. मग सायकलवर बसून निघालो. फेज करंट जेमतेम ६० अँपिअरला पोचला असेल, तेवढ्यात फट्‌ असा एकच आवाज झाला आणि चाक घट्ट धरल्यासारखं जड झालं. मल्टिमीटर लावला तर एका फेजचे वरचे तिन्ही मोसफेट ड्रेनपासून सोर्सपर्यंत, म्हणजे करंट वाहतो त्या दोन पायांमध्ये, आरपार शॉर्ट. बदलले, पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा जोडण्याआधी मी स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं ऑसिलोस्कोप) लावला आणि व्होल्टेज निम्म्यावर आणून हळूहळू चढवत गेलो. मोसफेट बंद होण्याच्या क्षणी ड्रेनवर एक सुई, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक उसळी, उभी राहत होती. सप्लाय वाढवला तशी ती उंच होत गेली आणि ११० व्होल्टच्या जवळ तिचं टोक सपाट झालं, कात्रीने कापल्यासारखं. ते सपाट टोक म्हणजे मोसफेट बंद असूनही मर्यादा ओलांडल्यामुळे वाहायला लागून ते व्होल्टेज दाबून धरत होता, दर सेकंदाला हजारो वेळा.

याचं कारण कपॅसिटरच्या तारा. मोठे कपॅसिटर मी जागा नाही म्हणून बोर्डाबाहेर, एकेका १० सेंटिमीटरच्या तारांवर बसवले होते. तारेच्या दर मिलिमीटरला ढोबळमानाने १ नॅनोहेन्री धरा. जायची-यायची तार मिळून २०० नॅनोहेन्री. ६० अँपिअर १०० नॅनोसेकंदांत थांबवले की एवढ्याशा तारेत १२० व्होल्ट तयार होतात आणि ते ८४ च्या वर चढून बसतात. १०० व्होल्टच्या मोसफेटला हे कसं सोसणार? मोसफेट आणखी तगडे घेतले असते तरी ही सुई तेवढीच राहिली असती. उलट जास्त करंट सोडला असता म्हणजे ती वाढलीच असती.

म्हणून मोसफेट निवडायच्या आधी मांडणी ठरवा. बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह हे बोर्डाच्या दोन थरांवर रुंद पट्ट्यांसारखे एकावर एक ठेवा, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र मारतो. प्रत्येक फेजच्या वरच्या-खालच्या मोसफेटच्या पायांना अगदी खेटून सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर द्या आणि इलेक्ट्रोलिटिक त्यांच्या लगेच मागे, त्याच बोर्डावर. तांबं दोन औंसाचं, म्हणजे ७० मायक्रॉनचं घेतलं तरी २०० अँपिअरला ते पुरत नाही. पट्ट्यांवर जाड तांब्याची तार किंवा पट्टी झाळावीच लागते.

व्होल्टेजच्या बाबतीत कंजुषी करू नका. ८४ व्होल्टच्या बॅटरीवर १०० व्होल्टचा मोसफेट म्हणजे हाताशी फक्त १६ व्होल्ट. मांडणी उत्तम असेल तर निभतं, पण पहिल्या बोर्डासाठी मी १५० व्होल्टचाच सुचवेन. त्याची किंमत रोधात मोजावी लागते. त्याच आकाराच्या आयआरएफबी ४११५ चा रोध ४११० च्या जवळपास अडीचपट आहे. मोठ्या पॅकेजमधला आयआरएफपी ४५६८ घेतलात तर १५० व्होल्टला साधारण ४.८ मिलिओहम मिळतात आणि पायही जाड असतात. मी आता तोच वापरतो.

विकत आणलेला मोसफेट खरा आहे का, हेही तपासा. गेटला (मोसफेट चालू-बंद करणाऱ्या पायाला) १२ व्होल्ट द्या, ड्रेन-सोर्समधून बरोबर १० अँपिअर सोडा आणि थेट पायांच्या मुळाशी मिलिव्होल्ट मोजा. ४११० असेल तर ३७ च्या आसपास यायला हवेत. एका खेपेत मला ९० आले. वरचा छाप हुबेहूब होता, आतली चकती मात्र भलतीच.

आता करंटचा हिशेब, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. १० किलोवॅट म्हणजे बॅटरीतून साधारण १४० अँपिअर. पण मोसफेटमधून जातो तो फेज करंट, आणि चाक हळू फिरत असताना तो बॅटरी करंटच्या कितीतरी पट असतो. ड्युटी (मोसफेट चालू राहतो तो वेळेचा वाटा) २५ टक्के असेल आणि बॅटरीतून ४० अँपिअर येत असतील तर मोटरच्या तारेत १६० असतात. चढावर जागेवरून निघताना बॅटरीचा मीटर शांत दिसतो आणि कंट्रोलर मात्र तेव्हाच सर्वात जास्त तापत असतो. १६० अँपिअर तीन ४११० मध्ये वाटले तर प्रत्येकी ५३. गरम झाल्यावर रोध ६ मिलिओहमच्या घरात जातो, म्हणजे एकेका मोसफेटमध्ये सलग वाहताना १७ वॅट, वर स्विचिंगची उष्णता वेगळी. त्या छोट्या पॅकेजमधून ४० च्या वर सतत करंट न्यायचा नाही हा माझा स्वतःचा नियम आहे. त्यापुढे पाय तापतात आणि सोल्डर मऊ पडायला लागतं. शिवाय मागची धातूची पट्टी ड्रेनला जोडलेली असते, तेव्हा हीटसिंकच्या मध्ये इन्सुलेटर लागतोच, आणि उष्णता अडते ती बहुतेक वेळा तिथेच.

समांतर मोसफेटमध्ये करंट बऱ्यापैकी सारखा वाटला जातो, कारण जो जास्त तापतो त्याचा रोध वाढतो. पण हे पूर्ण चालू असतानाचं झालं. चालू-बंद होण्याच्या क्षणी उलट घडतं, गरम मोसफेट आधी चालू होतो. म्हणून प्रत्येक मोसफेटला स्वतःचा वेगळा गेट रेझिस्टर द्या, एकाच रेझिस्टरवर सगळ्यांना जोडू नका.

गेटचा भाग तर जीव ओतून करावा असा आहे. ४११० च्या गेटला साधारण १५० नॅनोकुलोम चार्ज लागतो. तिघांचा मिळून ४५०, आणि तो २०० नॅनोसेकंदांत हलवायचा तर सव्वादोन अँपिअर हवेत. मायक्रोकंट्रोलरची पिन हे देऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक फेजला गेट ड्रायव्हर लागतो आणि तोही मोसफेटच्या शेजारीच. बंद करण्याचा वेग चालू करण्याच्या वेगापेक्षा वेगळा ठेवता यावा म्हणून दोन वाटा करा, एकीत डायोड घालून. वेग कमी केला की सुई बुटकी होते आणि उष्णता वाढते. यातला मधला बिंदू गणिताने नाही, स्कोपसमोर बसूनच सापडतो. गेट-सोर्समध्ये १० किलोओहम बसवा, नाहीतर सप्लाय नसताना गेट हवेत तरंगतो. गेटची कमाल मर्यादा २० व्होल्ट असते, ती एका सुईनेही ओलांडली जाऊ नये म्हणून झेनर (जादा व्होल्टेज दाबणारा डायोड) द्या. वरचा-खालचा मोसफेट एकाच वेळी चालू राहिला तर बॅटरी सरळ शॉर्ट होते. ते टाळण्यासाठीचा डेडटाइम, म्हणजे दोन्ही बंद ठेवायचा मधला वेळ, सुरुवातीला १ मायक्रोसेकंद ठेवा, नंतर कमी करता येतो.

मेंदूचा भाग मी स्वतः लिहिला नाही, तुम्हीही लिहू नका. बेंजामिन व्हेडर यांच्या व्हीईएससी या कंट्रोलरचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) खुलं आहे, एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरवर चालतं, मोटरचा रोध, इंडक्टन्स आणि चुंबकाची ताकद स्वतः मोजून घेतं, आणि आपल्या बोर्डाप्रमाणे त्याची हार्डवेअर फाइल बदलता येते. मूळ बोर्डावरचा डीआरव्ही ८३०२ हा ड्रायव्हर मात्र ६० व्होल्टपर्यंतचाच आहे. त्यामुळे तुमच्या बॅटरीला तो बोर्ड जसाच्या तसा चालणार नाही. फर्मवेअर त्यांचं घ्या, पॉवरचा भाग आपला बांधा.

सुरक्षेच्या ज्या गोष्टी मी कधीच सोडत नाही त्या सांगतो. थ्रॉटलला ५ व्होल्ट देतो आणि तो साधारण ०.८ ते ४.२ परत देतो. त्याची ग्राउंडची तार तुटली तर परत येणारं व्होल्टेज ५ कडे पळतं आणि कंट्रोलरला वाटतं की पूर्ण पिळलाय. म्हणून ४.५ च्या वर काहीही आलं की मोटर बंद, हे फर्मवेअरमध्ये घाला आणि ती तार हाताने काढून तपासा. ब्रेकच्या दांडीचा स्विच थ्रॉटलच्या वरचढ असू द्या. मोसफेट बहुधा शॉर्ट होऊनच मरतो. दोन फेज आतून जोडल्या गेल्या की गिअर नसलेली हब मोटर स्वतःच ब्रेक बनते. पुढच्या चाकात मोटर असेल तर वेगात हे जिवावर बेततं, तेव्हा एवढ्या पॉवरसाठी मोटर मागेच हवी. आणि भरलेल्या बॅटरीवर रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (ब्रेक लावताना मोटरची वीज बॅटरीत परत घेणं) करताना बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या संरक्षक सर्किटने, बॅटरी तोडली तर ती सगळी ऊर्जा तुमच्या कपॅसिटरमध्ये येते आणि व्होल्टेज झरझर चढतं. व्होल्टेजची वरची मर्यादा लावल्याशिवाय रीजन चालू करू नका.

बॅटरी जोडतानाची ठिणगी टाळायला कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा प्रीचार्ज रेझिस्टर लागतो. ३००० मायक्रोफॅरडला १०० ओहम दिले तर एक-दीड सेकंदात काम होतं. बॅटरी काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये १० जूल उरतात, तेव्हा बोर्डाला हात लावण्याआधी मीटर लावा. हातातली अंगठीही काढून ठेवा.

आता सुरुवात कुठून करायची. तिन्ही फेज एकदम बांधू नका. एकच फेज बांधा, कपॅसिटरसकट. जाड तारेची, गाभ्याविना, साधारण २० मायक्रोहेन्रीची गुंडाळी करून ती फेजच्या मध्यबिंदूपासून पॉझिटिव्हला जोडा. वरचा मोसफेट बंद ठेवून खालच्या गेटला एकच छोटा पल्स द्या. ८४ व्होल्टवर ४८ मायक्रोसेकंदांत करंट २०० अँपिअरला पोचतो. तो पल्स संपताना ड्रेनवर किती व्होल्ट चढतात ते स्कोपवर पाहा. मग लगेच दुसरा आखूड पल्स देऊन वरच्या मोसफेटच्या आतला डायोड बंद होताना काय होतं ते बघा. ऊर्जा कपॅसिटरमधून येते, त्यामुळे १०० मिलिअँपिअरच्या मर्यादेवर ठेवलेला साधा सप्लायही पुरतो आणि काही चुकलं तरी बॅटरीसारखा प्रचंड करंट सलग वाहत राहत नाही. सुरुवात २० व्होल्ट आणि १० मायक्रोसेकंदांपासून करा. प्रोबची लांब ग्राउंड तार काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावा, नाहीतर बोर्डावर नसलेलीच सुई दिसेल.

१५० व्होल्टच्या मोसफेटवर २०० अँपिअरला ते टोक १२० व्होल्टच्या खाली राहिलं तर उरलेल्या दोन फेज तशाच बांधा. नाही राहिलं तर बोर्डाचा आणि स्कोपवरच्या त्या सुईचा फोटो इथे टाका. कपॅसिटर मोसफेटपासून किती मिलिमीटर दूर आहे ते मला आधी बघायचंय.